हाडे हरवणारा देश

जबलपूरच्या बडा सिमला टेकडीतून निघालेली मांसाहारी डायनासोरची हाडे कुठे आहेत? हा प्रश्न आम्ही केंद्र सरकारला विचारतो, त्याच्या खाण मंत्रालयाला विचारतो आणि त्या मंत्रालयाच्या हाताखाली चालणाऱ्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणालाही विचारतो. आम्हाला समित्या, अहवाल आणि परिसंवाद नकोत. आम्हाला हाडे हवीत. १९१७ ते १९१९ या काळात चार्ल्स मॅटली आणि दुर्गाशंकर भट्टाचार्जी यांनी त्या टेकडीत खोदकाम करून ती बाहेर काढली. मॅटलीने फॉन ह्यूने या जर्मन पंडिताबरोबर त्यांचा अभ्यास केला आणि १९३३ मध्ये त्यांच्यावर जाडजूड ग्रंथ निघाला. लॅमेटासौरस, इंडोसौरस, इंडोसुकस, लेविसुकस ही भारताच्या भूमीवर हिंडलेल्या शिकारी प्राण्यांची नावे जगाच्या विज्ञानात गेली ती याच हाडांच्या जोरावर. त्या नावांतला पहिला शब्द बहुतेक ठिकाणी आपल्या देशाचा आहे किंवा आपल्या मातीचा आहे. नावे ग्रंथात राहिली. हाडे गेली.

गेली म्हणजे काय झाले? शत्रूने लुटली नाहीत, पुरात वाहिली नाहीत, आगीत जळली नाहीत. लॅमेटासौरसचे नाव ज्या कमरेच्या हाडांवर आणि नडगीवर उभे होते ती सापडत नाहीत. इंडोसौरसच्या कवटीचा जो भाग नमुना म्हणून जगासमोर ठेवला होता तो सापडत नाही. लेविसुकससारख्या लहान शिकाऱ्यांचे बरेच मणकेही असेच गडप झाले. सरकारी संग्रहात दाखल झालेली, क्रमांक पडलेली, छापील ग्रंथात चित्रांसह नोंदवलेली हाडे सरकारी छपराखाली असताना नाहीशी होतात आणि त्याबद्दल कोणाला जाब विचारला जात नाही. कोणाची चौकशी झाल्याचे, कोणावर ठपका आल्याचे ऐकिवात नाही. एखाद्या तलाठ्याच्या दप्तरातून सातबाऱ्याचे पान गहाळ झाले तर गावात बोंब उठते. इथे पावणेसात कोटी वर्षांचे दप्तर गहाळ झाले आहे!

हानी किती मोठी आहे ते ज्याला कळत नाही त्याने पुढची गोष्ट नीट वाचावी. गुजरातेत, बालासिनोरजवळच्या राहियोली गावी, सर्वेक्षणाच्याच सुरेश श्रीवास्तव यांनी १९८३-८४ च्या सुमारास शेकडो हाडे काढली. त्यांतून २००३ मध्ये राजासौरस नर्मदेन्सिस हा मोठा शिकारी डायनासोर जगापुढे आला. सुमारे पंचवीस फूट लांब, दोन पायांवर चालणारा, आखूड हातांचा आणि माथ्यावर एक बुटके शिंग असलेला हा प्राणी. त्याचा काळ तोच, जबलपूरच्या शिकाऱ्यांचा. खडक तोच, लॅमेटा थरांचा. मग साहजिक प्रश्न येतो की जबलपूरचा लॅमेटासौरस आणि राहियोलीचा राजासौरस हे एकच जनावर होते की दोन निराळी? इंडोसौरस यांतला कोण? एका काळी एका खोऱ्यात किती जातींचे मोठे शिकारी राहत होते? हे ठरवायला विद्वत्ता लागत नाही, हाडाशेजारी हाड ठेवावे लागते. आणि ते आपल्याला ठेवता येत नाही. राजासौरसची हाडे आहेत, जबलपूरची नाहीत. मॅटलीच्या जुन्या छापील चित्रांवरून नजर फिरवत जगभरचे अभ्यासक अंदाज बांधतात. स्वतःच्या भूमीवरील सर्वांत मोठ्या शिकाऱ्यांची वंशावळ लावायला हा देश आज असमर्थ आहे, आणि ते असामर्थ्य निसर्गाने लादलेले नाही, बेपर्वाईने ओढवून घेतलेले आहे.

याच टेकडीची काही हाडे वाचली आहेत, ती कुठे? न्यूयॉर्कमध्ये. ज्याने टायरॅनोसौरस रेक्सचा पहिला सांगाडा शोधला तो बार्नम ब्राउन १९२० च्या दशकात भारतात आला होता. बडा सिमलातून त्याने जबड्याचे तुकडे नेले. ते अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीत क्रमांक लावून ठेवलेले होते. पन्नासहून अधिक वर्षांनी शंकर चटर्जी यांना इंडोसुकसचा अभ्यास करायचा झाला तेव्हा ते तिथे जागेवर मिळाले आणि १९७८ मध्ये त्यांचे वर्णन छापून आले. परक्याने नेलेले टिकले आणि आपल्यापाशी राहिलेले हरवले, ही नोंद प्रत्येक भारतीयाने शरमेने मान खाली घालून वाचावी. कोहिनूर परत द्या म्हणून आपण इंग्रजांच्या नावाने घसा कोरडा करतो. उद्या न्यूयॉर्कने हे जबडे परत देऊ केले आणि ‘ठेवणार कुठे?’ असे विचारले, तर त्या प्रश्नाला ताठ मानेने देता येईल असे उत्तर या घटकेला दिल्लीपाशी नाही.

आणि हे एकदाच घडले असेही नाही. ठगांचा बंदोबस्त करणारा म्हणून ज्याला आपण इतिहासात ओळखतो त्या स्लीमनला १८२८ मध्ये जबलपूरपाशीच मोठे मणके सापडले. आशियात सापडलेली ही पहिली डायनासोरची हाडे. ती कलकत्त्याला गेली आणि १८७७ मध्ये लायडेकरने त्यांवरून टायटॅनोसौरस इंडिकस हे नाव दिले. पुढे त्यांचाही पत्ता लागेना. अनेक पिढ्या ती हरवलेलीच समजली गेली. २०१२ मध्ये धनंजय मोहबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोध घेतला तेव्हा त्यांतला मणका सापडला तो सर्वेक्षणाच्या कोलकात्यातील मुख्यालयातच. त्या शोधकांचे कौतुक करावे तितके थोडे. पण या देशाचा पहिला डायनासोर त्याच्या रखवालदाराच्या घरात इतकी वर्षे बेवारस पडून होता, हे वाचून ज्याच्या अंगाचा तिळपापड होत नाही त्याने वारशाच्या गप्पा मारू नयेत. १८५१ साली स्थापन झालेली ही संस्था आहे. तिने कोळसा शोधला, लोखंड शोधले, या देशाच्या इंच-इंच जमिनीचे नकाशे केले. तिच्या क्षेत्रीय माणसांनी उन्हातान्हात झिजून हे जीवाश्म बाहेर काढले, त्यांच्या कष्टांपुढे आम्ही नतमस्तक आहोत. आमचा रोख त्यांच्यावर नाही. जी व्यवस्था त्यांनी काढलेले सांभाळू शकत नाही तिच्यावर आहे.

‘एवढे काय त्या हाडांत?’ असे विचारणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांतले काही मोठमोठ्या खुर्च्यांवर आहेत. त्यांच्यासाठी एक दात हातात घेऊन दाखवतो.

शिकारी डायनासोरचा दात बोटाएवढा असो वा वीतभर, तो दोन्ही बाजूंनी चपटा आणि मागे किंचित वळलेला असतो. त्याच्या कडेवरून नख फिरवले तर बारीक खाचा लागतात. भिंगाखाली धरले की त्या खाचांची रांग करवतीसारखी स्पष्ट दिसते. दर मिलिमीटरला किती दाते, ते पुढच्या कडेला दाट की मागच्या, यावरून जाणकार कुळ ओळखतो. दाताच्या बुडाशी पाहावे. मूळ शाबूत असेल तर तो मेलेल्या जनावराच्या जबड्यातून आला. मूळ विरघळून तिथे खळगा पडला असेल तर तो जिवंतपणीच, बहुधा भक्ष्य फाडताना, गळून पडला. हे प्राणी जन्मभर दात बदलत. राजासौरसचा मादागास्करमधला भाऊबंद मजुंगासौरस सुमारे ५६ दिवसांनी एकेका जागी नवा दात आणत असे, हे दातांच्या आतल्या रोजच्या वाढीच्या रेघा मोजून २०१९ मध्ये दाखवले गेले. रोजच्या रेघा! झाडाच्या खोडात वर्षे मोजतात, इथे सात कोटी वर्षांपूर्वीचे दिवस मोजता येतात. त्याच मजुंगासौरसच्या हाडांवर दातांचे ओरखडे सापडले. ओरखड्यांमधले अंतर आणि खाचांचा ठसा पडताळून पाहिला तेव्हा तो दात मजुंगासौरसचाच ठरला. हे जनावर आपल्याच जातीचे मांस खात होते, हे २००३ मध्ये सिद्ध झाले ते एवढ्याशा पुराव्यावर.

आता हाच दात कोणी ओढ्याच्या काठावरून उचलून खिशात टाकला तर काय होते? दात तसाच राहतो, पुरावा मरतो. तो कोणत्या थरात होता, त्याच्या शेजारी कोणाची हाडे होती, अंड्यांचे घरटे किती हातांवर होते, सगळे पुसले जाते. राजासौरस उभा राहिला तो एका नकाशामुळे. श्रीवास्तवांनी प्रत्येक हाड जमिनीत कुठे, कसे पडले होते ते कागदावर उतरवले होते. सतरा-अठरा वर्षांनी भारतीय आणि अमेरिकी अभ्यासक त्या हाडांभोवती बसले तेव्हा कोणता तुकडा कोणाच्या कमरेचा आणि कोणाच्या शेपटीचा हे त्या नकाशाने सांगितले. जबलपूरला अनेक प्राण्यांची हाडे एकमेकांत मिसळलेली होती. लॅमेटासौरसच्या नावाखाली तर शिकाऱ्याच्या कमरेबरोबर दुसऱ्याच प्राण्याचे चिलखती खवले जमा झाले, आणि तो गुंता सोडवायला आता मूळ हाडेच नाहीत. एका ठिकाणी कागद जपला तर एक प्राणी मिळाला. दुसऱ्या ठिकाणी मालच हरवला तर एक प्राणी कायमचा हातचा गेला.

राहियोलीच्या कथेतही अभिमानाइतकीच लाजेची जागा आहे. १९८१ मध्ये सिमेंटसाठी चुनखडक काढणाऱ्या खाणीतल्या कामगारांनी गोल गोल दगड भूवैज्ञानिकांच्या हातात ठेवले आणि ती डायनासोरची अंडी निघाली. तिथून जगातल्या मोठ्या अंडीस्थळांत राहियोलीची गणना होऊ लागली. पण कित्येक वर्षे हे स्थळ उघडेच होते. गुरे चरत होती, लोक दगड नेत होते. बालासिनोरच्या राजघराण्यातल्या आलिया सुलताना बाबी यांनी एका घरी एका बाईला डायनासोरच्या अंड्याने मसाला वाटताना पाहिले, ते अंडे सोडवून घेतले आणि पुढे त्या जागेच्या राखणीला वाहून घेतले. वस्तुसंग्रहालय उघडायला २०१९ साल उजाडले. अंडी सापडल्यापासून ३८ वर्षांनी! मसाला वाटणाऱ्या त्या बाईला आम्ही बोल लावणार नाही. तिला कोणी सांगितले होते? सांगण्याचे काम ज्यांचे, ते त्या गावात कधी तिच्या ओट्यावर जाऊन बसले होते काय?

आता कायद्याकडे वळू, कारण मुख्य पाप तिथे आहे. १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा आणि १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा हे दोन्ही मुख्यतः माणसाच्या हातच्या वस्तूंसाठी घडलेले. नाणे, मूर्ती, ताम्रपट, पोथी यांच्या रक्षणाची भाषा त्यांत आहे. शंभर वर्षांपूर्वीची पितळी समई परदेशी नेली तर अडकाठी आहे. सात कोटी वर्षांपूर्वीच्या जबड्यासाठी या देशात स्वतंत्र, खणखणीत कायदा नाही. २००९ मध्ये राष्ट्रीय वारसा स्थळांसाठी आयोग नेमण्याचे विधेयक राज्यसभेत आले. ते समितीकडे गेले, पडून राहिले आणि २०१५ मध्ये मागे घेतले गेले. मग डिसेंबर २०२२ मध्ये खाण मंत्रालयाने भूवारसा स्थळे आणि भूअवशेष यांच्या जतनाच्या विधेयकाचा मसुदा जाहीर केला, लोकांकडून सूचना मागवल्या. नासधूस करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड अशी तरतूद त्यात होती. मसुद्याचा कायदा झाला नाही. सरकारला जे कायदे हवे असतात ते एका दुपारी आवाजी मतदानाने होतात, हे सारा देश पाहतो. ज्याला मतदार नाही, वर्गणीदार नाही आणि ज्याच्यासाठी रस्त्यावर मोर्चा निघत नाही, त्याची फाइल मात्र वर्षानुवर्षे टेबलावरून टेबलावर फिरते. या दिरंगाईला आम्ही गुन्हा म्हणतो.

मसुद्याबद्दलही आमचे भांडण आहेच. सगळे अधिकार एकाच सरकारी खात्याच्या मुठीत देण्याकडे त्याचा कल होता. ज्या मंत्रालयाचे पहिले काम जमीन खोदून खनिज काढणे हे आहे, त्याच्याच हाताखालच्या खात्याने कुठली जमीन खोदायची नाही हे ठरवायचे, ही व्यवस्था आम्हाला मान्य नाही. विद्यापीठे, संशोधन संस्था, राज्य सरकारे आणि त्या त्या गावची ग्रामसभा यांना निर्णयात बरोबरीची जागा हवी. हाडे हरवणाऱ्याच्या हातात आणखी हाडे सोपवायची तर आधी त्याच्या कोठाराचा हिशेब द्यायला हवा. पण दोष आहेत म्हणून कायदाच नको, असे म्हणणाऱ्यांच्या पंक्तीला आम्ही बसणार नाही. दोष दुरुस्त करा आणि कायदा करा.

कायद्याने काय होते ते मंगोलियाने जगाला दाखवले आहे. गोबीच्या वाळवंटात टार्बोसौरस नावाचा शिकारी डायनासोर सापडतो, टायरॅनोसौरसचा आशियातला सख्खा नातलग. मंगोलियाने १९२४ पासून जीवाश्म राष्ट्राची मालमत्ता ठरवले आहेत. मे २०१२ मध्ये टार्बोसौरसचा एक जवळजवळ पूर्ण सांगाडा न्यूयॉर्कच्या लिलावात दहा लाख डॉलरहून अधिक बोलीला गेला. मंगोलियन जीवाश्मशास्त्रज्ञ बोलोर्तसेत्सेग मिनजिन यांनी लिलावाआधीच धोक्याची घंटा वाजवली होती. राष्ट्राध्यक्ष एल्बेगदोर्ज स्वतः मैदानात उतरले. अमेरिकेतल्या न्यायालयात दावा उभा राहिला. ही हाडे गोबीचीच आहेत असा निर्वाळा तज्ज्ञांनी दिला, आयातीच्या कागदांवर खोटी माहिती लिहिल्याचे उघड झाले. अमेरिकी सरकारने सांगाडा जप्त केला, व्यापाऱ्याने गुन्हा कबूल केला आणि मे २०१३ मध्ये हाडे मंगोलियाला परत मिळाली. निकोलस केज या नटाने २००७ मध्ये पावणेतीन लाख डॉलर मोजून घेतलेली टार्बोसौरसची कवटीसुद्धा पुढे परत करावी लागली. मुंबईएवढी लोकसंख्या नसलेल्या, आपल्याहून कितीतरी लहान अर्थव्यवस्थेच्या देशाने हे केले. ब्राझीलमध्ये १९४२ पासून असा कायदा आहे, आणि त्याच्याच आधारावर त्या देशाने २०२३ मध्ये उबिराजारा नावाच्या छोट्या डायनासोरचा जीवाश्म जर्मनीकडून परत मिळवला.

उद्या नर्मदेच्या खोऱ्यातून चोरलेला जबडा हाँगकाँगच्या किंवा झुरिचच्या लिलावात दिसला तर भारताचा वकील न्यायाधीशापुढे काय सांगणार? कोणता कायदा मोडला? कोणत्या कलमाखाली ही मालमत्ता राष्ट्राची? मूळ जागेची नोंद कुठे आहे? या तीनही प्रश्नांपुढे आपला वकील हात चोळत उभा राहील. आणि बाजार तर पेटला आहे. ‘स्टॅन’ नावाचा टायरॅनोसौरस ऑक्टोबर २०२० मध्ये ३ कोटी १८ लाख डॉलरला विकला गेला, म्हणजे आपल्या सव्वादोनशे कोटी रुपयांहून अधिक. हे आकडे वाचून कुदळ उचलणारे हात जगात सगळीकडे आहेत. आपल्याकडचे जीवाश्म उचलले जातात, विकले जातात, अशी ओरड अभ्यासक वर्षानुवर्षे करीत आहेत. कुंपण नाही, पहारा नाही, कायदा नाही, यादी नाही. चोराला याहून मोकळे रान कोणते हवे?

कोणी म्हणेल की पोटाला भाकर नसलेल्या देशाला ही चैन परवडत नाही. हा युक्तिवाद खोटा आहे आणि गरिबाचा अपमान करणारा आहे. मादागास्कर आपल्याहून किती तरी गरीब. तिथे १८९६ मध्ये फ्रेंचांनी काही दातांवर आणि हाडांवर मजुंगासौरसला त्याचे पहिले नाव दिले. तिथेही हाडे परदेशी गेली. पण १९९३ पासून अंतानानारिव्हो विद्यापीठ आणि परदेशी अभ्यासक तिथे एकत्र काम करत आले आहेत, आणि ज्या गावाशेजारी हाडे निघाली त्या गावातल्या मुलांसाठी शाळा उभ्या राहिल्या. आज त्या शिकारी प्राण्याच्या मेंदूच्या पोकळीपासून शेपटीच्या टोकापर्यंत जगाला माहिती आहे. एके काळी भारत आणि मादागास्कर हा एकच भूखंड होता, सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी तो दुभंगला. दोन भावांना वडिलोपार्जित जमीन सारखीच मिळाली. एकाने पिकवली, दुसऱ्याने पडीक टाकली. पडीक टाकणारे आपण.

आणि आता महाराष्ट्र! दिल्लीला बोल लावून मराठी माणसाला मोकळे होता येणार नाही. ज्या दख्खनच्या काळ्या कातळावर आपले गडकोट उभे आहेत, त्या लाव्ह्याच्या थरांखालून चंद्रपूर-नागपूर भागात लॅमेटाचेच खडक डोके वर काढतात. चंद्रपूर जिल्ह्यात वरोरा तालुक्यात पिसदुरा आहे. नागपूरचे पाद्री स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तिथून जीवाश्म गोळा केले. म्हणजे जगात डायनासोर हा विषय नुकता जन्मत होता तेव्हा विदर्भ त्याच्या नकाशावर होता. पिसदुऱ्याच्या शेतांत डायनासोरच्या अश्मीभूत विष्ठेचे गोळे नांगराच्या फाळाला लागतात. त्या गोळ्यांत गवताचे सूक्ष्म सिलिकाकण सापडले आणि २००५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात ते छापून आले. डायनासोर पृथ्वीवर असताना गवत उगवत होते, हे साऱ्या जगाला कळले ते वरोरा तालुक्यातल्या मातीमुळे! नागपूरजवळच्या टाकळीत मिळालेला एक दात लायडेकरने १८९० मध्ये मॅसोस्पॉन्डिलस या आफ्रिकेतल्या प्राण्याच्या कुळात घातला. आजच्या अभ्यासकांच्या मते तो बहुधा शिकारी डायनासोरचा असावा. तो लंडनमध्ये आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्याच डोंगरगावच्या टेकडीतून १९८० च्या दशकात महाकाय शाकाहारी डायनासोर निघाला. १९९७ मध्ये त्याचे वर्णन झाले आणि आज तो इसिसौरस म्हणून ओळखला जातो. जिथे एवढे मोठे भक्ष्य होते तिथे त्याचे शिकारी हिंडत होते. त्यांची हाडे अजून त्या मातीत आहेत.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या किती शाळांत हे शिकवले जाते? मराठी मुलाला टायरॅनोसौरस रेक्स पाठ असतो, अमेरिकेतल्या सिनेमाने त्याला तो पाठ करून दिला आहे. राजासौरसचे नाव त्याला कोणी सांगत नाही. पिसदुऱ्याचे नाव पुण्या-मुंबईच्या पदवीधराला विचारा, तो तोंडाकडे पाहत राहील. राज्य सरकारने लोणारच्या नावाने घोषणा केल्या तशा पिसदुरा-डोंगरगावसाठी काय केले? कोळशाच्या आणि सिमेंटच्या जिल्ह्यात जमिनीवर दर वर्षी नवा नांगर, नवे यंत्र, नवा रस्ता येतो. रस्त्याच्या मुरुमात कशाचा चुरा होतो आहे ते पाहायला एक माणूस नेमायला या राज्याकडे पैसे नाहीत काय? आमची विद्यापीठे, आमची वृत्तपत्रे, आमचे साहित्यिक, कोणालाच या मातीचे काही पडलेले नाही. शिवकालीन तोफेचा गोळा सापडला की पहिल्या पानावर फोटो येतो, आणि यावा. पण त्याच कातळाखालचा इतिहास आम्ही इतिहास मानत नाही, हा आमचा करंटेपणा आहे.

सामान्य माणूस या बाबतीत सरकारहून शहाणा ठरला आहे, हे मुद्दाम सांगतो. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यातल्या पाडल्या भागातले शेतकरी शेतात सापडलेले गोल दगड पिढ्यान्‌पिढ्या काकड भैरव म्हणून शिवेवर पुजत आले. २०२३ मध्ये तज्ज्ञांनी पाहिले तेव्हा ती डायनासोरची अंडी निघाली. त्याच वर्षाच्या सुरुवातीला नर्मदेच्या खोऱ्यात ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदवली गेल्याचे प्रसिद्ध झाले होते. विज्ञान पोचण्याआधी त्या शेतकऱ्याच्या श्रद्धेने ती अंडी टिकवली. आपल्या घरोघरच्या देव्हाऱ्यातला शाळिग्राम हा गंडकीच्या पात्रातला जीवाश्मच, आणि तो आपण सोवळ्यात जपला. म्हणजे जपण्याची बुद्धी या समाजात आहे. तिला ज्ञानाची जोड देण्याचे काम ज्यांच्यावर सोपवले होते त्यांनी कसूर केली.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. सर्वेक्षणाने जबलपूरच्या १९१७ ते १९३३ च्या संग्रहाची पूर्ण यादी देशापुढे ठेवावी: कोणते हाड आहे, कोणते नाही, शेवटचे कोणी, कोणत्या साली पाहिले. एक मणका २०१२ मध्ये मुख्यालयात निघू शकतो तर बाकीच्यांसाठी प्रत्येक कपाट, प्रत्येक पेटी, प्रत्येक तळघर उघडून पाहिले पाहिजे, आणि ते काम विद्यापीठांतल्या जीवाश्मशास्त्रज्ञांच्या समक्ष झाले पाहिजे. देशातल्या प्रत्येक नमुन्याचे छायाचित्र आणि त्रिमितीय नोंद सर्वांना खुली हवी, म्हणजे उद्या हाड गेले तरी त्याचा पुरावा राहील. जीवाश्म हे राष्ट्राची मालमत्ता आहेत असे एका वाक्यात सांगणारा कायदा संसदेने येत्या अधिवेशनात करावा. महाराष्ट्र सरकारने पिसदुरा आणि डोंगरगावच्या शेतकऱ्यांना योग्य मोबदला देऊन तिथली महत्त्वाची जमीन राखीव करावी, आणि तिथे निघेल ते चंद्रपूरच्या मुलांना चंद्रपुरातच पाहता येईल असे संग्रहालय उभे करावे. विदर्भातल्या प्रत्येक खासदाराने हा प्रश्न सभागृहात विचारावा. जो विचारणार नाही त्याला वरोऱ्याच्या मतदाराने पुढच्या वेळी दारात उभे करून कारण विचारावे.

वाचकहो, तुमच्यापैकी कोणाच्या शेतात, विहिरीच्या खोदाईत किंवा ओढ्याच्या दरडीत दगडासारखे जड हाड किंवा करवती कडेचा दात दिसला तर तो उचलू नका, विकू नका, कोणाला भेटही देऊ नका. जागेवरच त्याचा फोटो काढा, जागेची खूण लिहून ठेवा आणि जवळच्या विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाला त्याच दिवशी कळवा. कळवल्यावर कोणी आले नाही तर आम्हाला कळवा. न येणाऱ्याचा समाचार या स्तंभातून आम्ही घेऊ.